आठव्या अध्यायाचा उन्हाळा

फेब्रुवारी सरायला आला की आमच्या गल्लीतले कडुनिंब पानं टाकायला लागतात. सकाळी अंगण झाडून आत यावं, तर चहा उकळेपर्यंत पुन्हा तेवढाच पाचोळा. याच दिवसांत शेजारच्या गच्चीवरून दहावीच्या मुलींचे आवाज येतात, एकच व्याख्या दहा-दहा वेळा घोकणारे. आणि याच दिवसांत आमचा उपवासकाळ लागतो, राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस. कुणी या दिवसांत मटण सोडतं, कुणी चहा. हल्ली पोरं मोबाइल सोडतात म्हणे, निदान तसं जाहीर तरी करतात. मी काहीच सोडत नाही. मला हे चाळीस दिवस कसेबसे काढायचे असतात. शाळेत होते तोवर पेपर तपासण्याच्या रगाड्यात ते निघून जायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि यंदा ते सगळेच्या सगळे अंगावर आले.

त्यात आमच्या पाळकसाहेबांनी भर घातली. तरुण आहेत, नुकतेच बदलून आलेत, त्यामुळं मंडळीत कुणाचं काय दुखतं हे त्यांना अजून ठाऊक नाही. एका रविवारी दारात गाठून म्हणाले, "बाई, यंदा दृढीकरणाच्या मुलांचा वर्ग तुम्हीच घ्या. योहानाचा आठवा अध्याय पक्का करून घ्या त्यांच्याकडून."

दृढीकरण म्हणजे तान्हेपणी आईबापांनी परस्पर देऊन टाकलेला बाप्तिस्मा मुलानं जाणत्या वयात स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा. बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात, वहीत नाव चढतं, आणि मग प्रभुभोजनाच्या पंगतीत जागा मिळते. मी हो म्हटलं. का म्हटलं, ते मलाही सांगता येणार नाही. ज्या बाईच्या हाती त्यांनी वर्ग सोपवला तिचं स्वतःचं दृढीकरण झालेलं नाही, हे पाळकसाहेबांना कुणी सांगितलेलं नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी मी लहान मुलांना घेऊन बाहेर ओट्यावर बसते. सगळ्यांना वाटतं, बाईंना मुलांची भारी आवड.

घरी येऊन बायबल काढलं, आठव्या अध्यायापाशी उघडलं आणि मिटून टाकलं. तो अध्याय मला पाहायची गरज नाही. तो मला तोंडपाठ आहे, आणि दुखणं नेमकं तिथंच आहे.

मी दहावीला होते त्या वर्षीचा उपवासकाळ. शहर तेव्हा औरंगाबादच होतं, आणि आम्ही उस्मानपुऱ्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहत होतो. आमचं देऊळ म्हणजे पत्र्याचा एक लांबट हॉल. दुपार चढली की वरचे पत्रे कडकड वाजायचे आणि खाली सतरंजीवर आम्ही पाच जण मांडी घालून बसलेलो असायचो. शिकवायला शांतामावशी. बायबलबाई होती ती, म्हणजे खेड्यापाड्यांतून हिंडून बायकांना वचन वाचून दाखवणारी. पांढरं लुगडं, काखेत छत्री, पायांत पुरुषी चपला. बिडकीनकडून एसटीनं यायची आणि आल्या आल्या आधी माठातलं पाणी तोंडावर मारून घ्यायची. वयाच्या तिशीत ती अक्षरं शिकली, तीही योहानाच्या शुभवर्तमानावरच. त्यामुळं त्या पुस्तकावर तिचा माहेरासारखा हक्क होता.

तो अध्याय असा आहे. मंदिराच्या अंगणात लोक येशूला घेरतात. तू कोण, म्हणतात. तुझा बाप कुठं आहे, म्हणतात. तो सांगतो, सत्य काय ते ओळखा, म्हणजे तुम्ही सुटाल. याचा लोकांना राग येतो. सुटायला आम्ही बांधलेले आहोत कुठं? आम्ही अब्राहामाची लेकरं, आम्ही आजवर कुणाची गुलामी केलेली नाही. शब्दाला शब्द वाढतो. शेवटी तो म्हणतो की अब्राहाम जन्मला नव्हता तेव्हापासून मी आहे. आणि लोक वाकून दगड उचलतात.

"बगा, कसे खोटं बोलायलेत," शांतामावशी म्हणायची आणि तिला खरोखर हसू यायचं. "मिसरात यांच्या बापजाद्यांनी विटा थापल्या. बाबेलात धरून नेलं. आता रोमी शिपाई डोक्यावर बसलाय. अन् म्हंत्यात, आमी कुणाचे गुलाम नाय! माणसाला दोरी काचत नाय गं, दोरी हाय म्हणलेलं काचतं."

आम्ही मान डोलवायचो. आम्हाला ते लोक मूर्ख वाटायचे. सोळाव्या वर्षी दुसऱ्याचा मूर्खपणा किती स्वच्छ दिसतो.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, बिशपसाहेब येणार होते आणि त्यांच्यापुढं आम्ही पाच जणांनी तो संवाद पाठ म्हणून दाखवायचा होता. लोकांची वाक्यं चौघांत वाटली गेली. येशूची उत्तरं माझ्या वाट्याला आली. आवाज मोठा, म्हणून. मोठा आवाज मला दादांकडून आला होता.

दादा म्हणजे माझे वडील. ते आमच्या मंडळीत वाचक होते. वीसेक वर्षं रविवारचं शास्त्रवाचन त्यांच्याकडंच होतं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना टेकलेले हात. ते वाचायला उभे राहिले की मागच्या बायका पोरांना गप्प करायच्या. त्या दिवसांत संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ते मला घेऊन मागच्या मोकळ्या पटांगणात जायचे आणि स्वतः पार टोकाला जाऊन उभे राहायचे. "इथवर ऐकू आलं पायजे," असं ओरडून सांगायचे. मी म्हणायची, ते ऐकायचे. "घाई नको करू. त्याला घाई नव्हती. चहूकडून माणसं अंगावर आलेली, तरी त्याला घाई नव्हती." मग जवळ येऊन हळू सांगायचे, "वाचताना पुस्तकात बघायचं, पण थांबताना माणसांकडं बघायचं. माणसांना कळलं पायजे की हे आपल्याशी बोलायलेत." उन्हं उतरलेली असायची, तापलेल्या जमिनीचा वास यायचा, आणि शेवटचं वाक्य बरोबर पडलं की दादा लांबूनच हात वर करायचे. मला आयुष्यात पुढं बरंच काही मिळालं. तसा हात वर केलेला पुन्हा मिळाला नाही.

दादांना दोन नावं होती. मंडळीत ते दाविदभाऊ. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात, रेशनकार्डावर आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मण. ही दुसऱ्या नावाची गोष्ट आजोबांनी मला कितीदा तरी सांगितली होती. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झालेली, निजामाचा अंमल गेलेला, गावात मराठी शाळा निघाली. आजोबा दादांचं बोट धरून शाळेत गेले. मास्तरांनी नाव विचारलं. आजोबांनी 'दाविद' सांगितलं. मास्तरांनी टाक खाली ठेवला. "असलं नाव नको रे. पोराला पुढं जड जाईल. लक्ष्मण लिवतो." धर्म आणि जात तर त्यांनी विचारलीही नाही. हिंदू, मांग, असं लिहून मोकळे झाले. मास्तर वाईट नव्हते, त्यांना पोराचं भलंच करायचं होतं. आजोबांनी रामराम केला आणि घरी आले.

पुढं त्याच कागदावर दादांना शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृह मिळालं, नोकरी मिळाली. कायदाच असा, की मांगानं हिंदू म्हणून राहिलं तर त्याला सवलत, ख्रिस्ती झाला की सवलत गेली. गावानं आमचं घर वेशीबाहेर ठेवलं होतं आणि आमच्या पाण्याची घागर वेगळी ठेवली होती. आम्ही प्रार्थना बदलली म्हणून गावानं ती घागर काही आत घेतली नव्हती. पण कागदाला हे कोण सांगणार? मंडळीत निम्म्या घरांत हेच होतं. कुणी त्यावर बोलत नसे. माझं नाव शोभा ठेवलं तेही दोन्हीकडं चालावं म्हणूनच.

मार्चच्या सुरुवातीला दादांच्या ऑफिसात निनावी अर्ज गेला. लक्ष्मण अमुक तमुक हा इसम ख्रिस्ती असून राखीव जागेवर नोकरी करतो, चौकशी व्हावी. कुणी केला असेल, यावर आईनं दोन दिवस घालवले. दादांना बढती मिळणार होती, तोंडावर आली होती, एवढं आम्हाला माहीत होतं. दादांनी मला मागच्या पटांगणात नेणं बंद केलं. "तुझा अभ्यास हाय," म्हणाले.

मग कळलं की चौकशीचे साहेब घरी येणार, येत्या बुधवारी दुपारी. माझा भूगोलाचा पेपर झाला होता आणि पुढच्या पेपरला मध्ये दोन दिवस होते. आईनं भिंतीवरचा क्रूस उतरवून पातळात गुंडाळला. बायबलं आणि गीतांची पुस्तकं ज्वारीच्या डब्यात गेली, वर ज्वारी ओतली. शेजारच्या काकूंकडून गणपतीची तसबीर आली. काकूंनी कशाला म्हणून विचारलं नाही, उलट म्हणाल्या, "राहू द्या तुमच्याकडंच, घाई नाय." मग आई आरशासमोर उभी राहिली आणि तिनं कुंकू लावलं. हाताला सवय नव्हती. एकदा लावलं ते तिरकं झालं, पुसलं, दुसऱ्यांदा लावलं ते पसरलं. तिसऱ्यांदा दादांनी तिच्या हातातून करंडा घेतला आणि स्वतःच्या बोटानं लावून दिलं. मी पुस्तकाआडून बघत होते. दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघत नव्हते.

साहेब यायच्या आधी दादा माझ्याजवळ आले. "शोभा, तू आत बस. तू काय बोलू नको. मी बोलतो." एवढंच. त्यांनी मला खोटं बोल म्हणून सांगितलं नाही. हे मला आज स्वच्छ लिहायचं आहे, कारण पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला उलटंच सांगत आले.

साहेब आले ते वयस्कर होते. सय्यदसाहेब. काळी टोपी, मेंदी लावलेली दाढी, बगलेत फाईल. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, तेव्हा आई गडबडली. सरकारी माणूस चपला काढून घरात येतो, हे तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. दादांना त्यांनी गाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं, लग्न कुठं झालं ते विचारलं. दादांचा आवाज, तो देवळात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, इतका बारीक झाला होता की साहेबांना दोनदा "जी?" म्हणावं लागलं.

"घरात देव कोणते पुजता लक्ष्मणराव?"

तसबीर समोर होती, नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. दादांना बोट उचलता येईना. मी उंबऱ्यापाशी उभी होते. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. वैतागून नव्हे, माणूस सहज पाहतो तसं.

"क्या बेटी, दहावीला ना? पेपर कसे गेले?"

"चांगले गेले."

"माशाल्ला. तू सांग मग. तुम्ही लोकं कोण?"

तू कोण, हा प्रश्न मी महिनाभर रोज ऐकत होते. त्याचं उत्तर मी मागच्या पटांगणात इतक्या मोठ्यानं म्हटलं होतं की पलीकडच्या घरांच्या खिडक्या उघडायच्या. मी म्हणाले, "आम्ही हिंदू मांग. आम्ही गणपती पुजतो. मंगळवारचा उपास करतो." मंगळवारच्या उपासाबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं. अडखळले नाही, थांबताना माणसांकडं पाहिलंसुद्धा. दादांनी शिकवलं होतं तसं सगळं नीट केलं.

साहेबांनी लिहून घेतलं. आईनं चहा आणला, बशीत पारले बिस्किटं होती. कप साहेबांच्या हातात दिला, दुसरा दादांच्या. आणि दादांनी डोळे मिटले. मान खाली गेली, कपाभोवती दोन्ही हात जुळले, ओठ हलायला लागले. आमच्यात खाण्यापिण्याआधी प्रार्थना करतात. पाण्याच्या पेल्यालासुद्धा दादा ती चुकवत नसत. त्यांनी ते ठरवून केलं नव्हतं. चाळीस वर्षांची सवय होती, ती हातांना होती, ती त्यांना विचारून थोडीच चालत होती.

आई किटली धरून तशीच उभी. मला ओरडावंसं वाटलं, दादा, डोळे उघडा. साहेबांनी कप तोंडाशी नेला होता, तो त्यांनी खाली घेतला. ते थांबले. दादांचे ओठ हलायचे थांबेपर्यंत, ते अगदी हळू 'आमेन' म्हणेपर्यंत त्यांनी चहाला तोंड लावलं नाही. दादांनी डोळे उघडले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. तो चेहरा मला विसरता येत नाही.

सय्यदसाहेब त्यांच्याकडं बघत हळूच "बिस्मिल्लाह" म्हणाले आणि त्यांनी चहा घेतला. बिस्किटही घेतलं. फाईल त्यांनी पुन्हा उघडली नाही. जाताना दारात चपला घालत म्हणाले, "लक्ष्मणराव, बच्ची को पढाओ. उसका कागद खराब मत होने दो. हौर ये गणपती जिनका है उनकू वापस देव." दादा हात जोडून उभे राहिले. साहेबांनी आमच्यासाठी फाईलमधलं खोटं तसंच राहू दिलं होतं, आणि ते कुणाकडून काही घेऊन तसं करणारे नव्हते, हे त्यांच्या झिजलेल्या चपलांवरूनही कळत होतं.

महिन्याभरात चिठ्ठी आली की अर्जात तथ्य आढळलं नाही. आईनं त्या दिवशी शिरा केला. तो कुणी खाल्ला ते आठवत नाही.

त्या बुधवारानंतरच्या रविवारी वाचन दादांकडंच होतं. आठवा अध्याय. त्यांनी सकाळी शर्टाला इस्त्री केली, पेन खिशाला लावलं, आम्ही देवळात गेलो. पाळकांनी नाव घेतलं तेव्हा दादा उठले नाहीत. शेजारच्या भाऊंना हातानं खूण केली, तुम्ही वाचा. लोकांना वाटलं, घसा बसला असेल. पुढच्या रविवारीही घसा बसलेलाच होता. नंतर कुणी विचारेनासं झालं. दादा पुढून तिसऱ्या बाकावरून मागं सरकत सरकत शेवटच्या बाकावर गेले आणि तिथंच राहिले. वाचन चालू असताना त्यांचे ओठ हलत असायचे.

आणि मी? माझे पेपर संपले होते, आता अभ्यासाचं निमित्तही उरलं नव्हतं. झावळ्यांच्या रविवारी सकाळी डोकं दुखतंय म्हणून मी पांघरूण घेऊन पडून राहिले. शांतामावशी घरी आली. छत्री कोपऱ्यात ठेवून माझ्या उशाशी बसली. तिला सगळं माहीत होतं, अर्ध्या मंडळीला माहीत होतं.

"बिशपसाहेब आलेत," ती म्हणाली. "चौघं तयार हायती. तुजं उत्तर म्हणाया कुणी नाय."

"मी नाही येत."

"का गं? साहेबाला सांगितलंस म्हणून? पेत्रानं तर येशूला वळखत नाय म्हणून तीनदा सांगितलं, कोंबडं आरवायच्या आत. त्याच्यावर मंडळी उभी केली."

"दादांमुळं झालं हे सगळं," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. आवाज मोठाच होता माझा. आणि भिंतीपलीकडं दादा बूट घालत बसले होते.

मावशी उठली. "चल तर मंग," असं भिंतीकडं बघून म्हणाली आणि दादांना सोबत घेऊन गेली. माझी वाक्यं तिनं स्वतः म्हटली, असं मागाहून कळलं. पाठ होती तिला.

मी दादांशी बोलणं टाकलं नाही. टाकलं असतं तर बरं, निदान कधीतरी भांडण तरी झालं असतं. मी नीट बोलत राहिले. चहा देऊ का, पाणी तापलंय, पगार झाला का. त्याच कागदावर मला डी.एड.ला जागा मिळाली. त्याच कागदावर फुलंब्रीच्या शाळेत नोकरी लागली. कितीतरी वर्षं मी सकाळच्या गाडीनं फुलंब्रीला गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले, आणि हजेरीच्या रजिस्टरपासून सेवापुस्तकापर्यंत सगळीकडं मी तेच होते, जे मी सय्यदसाहेबांना सांगितलं होतं. ज्या कागदावरून बापावर रुसले त्याच कागदाचं अन्न खाल्लं. मला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच राग जात नव्हता. स्वतःवर रागावण्यापेक्षा बापावर रागावणं फार सोपं असतं, तो कुठं जात नाही, शेवटच्या बाकावर बसलेला असतो.

दरवर्षी हे दिवस आले की मी ठरवायची, या वेळी बोलू. त्यांच्या शेवटच्या उपवासकाळातही ठरवलं होतं. ते घाटीच्या सरकारी दवाखान्यात वॉर्डात होते, नाकात नळी. मी बायबल घेऊन गेले होते. कुठलं वाचू, विचारलं. त्यांनी हातानं खूण केली, कुठलंही. मी स्तोत्र वाचलं. आठवा अध्याय वाचायची माझी छाती झाली नाही. ते गेले तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर लक्ष्मण लिहिलं गेलं. कबरीच्या दगडावर काय घालायचं, गवंड्यानं विचारलं, तेव्हा आई म्हणाली, दाविद. एवढा एक कागद तिच्या ताब्यात होता.

तर यंदा पाच मुलं आली. हॉल आता पक्का झाला आहे, पंखे आहेत, सतरंजी मात्र तशीच खरखरीत. मी त्यांना अध्याय वाचायला लावला. आम्ही कुणाचे गुलाम नव्हतो, हे वाक्य आल्यावर पोरं हसली, आम्ही हसायचो तशीच. मला शांतामावशीसारखं समजावून सांगता आलं असतं, टिपणं काढून नेली होती. ती बाजूला ठेवली आणि त्यांना सांगितलं. तसबीर, कुंकू, मंगळवारचा उपास, दादांचे मिटलेले डोळे, सगळं. माझं दृढीकरण झालेलं नाही हेही सांगितलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं पंधरा मिनिटांत संपलं. सुटल्यासारखं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. नुसतं दमल्यासारखं झालं, आणि पोरांपुढं उगाच बोलले की काय, अशी भीती वाटली.

मुलं गेली. एक मुलगी मागं राहिली. प्रिया तिचं नाव, यंदा बारावीला आहे, नर्सिंगला जायचं म्हणते. वडील बँकेत शिपाई आहेत. सतरंजीचं एक टोक तिनं धरलं, दुसरं मी धरलं.

"बाई, आमच्याकडं येणारेत," ती म्हणाली. "जात पडताळणीचे लोक. पुढच्या आठवड्यात."

मी घडी घालायची थांबले.

"पप्पा रोज म्हंतात, तू काय बोलू नको, मी बोलतो. पण मला विचारलं तर? मी काय सांगू?"

समोर पुस्तक उघडं होतं. त्यात उत्तर आहे, चांगलं ठसठशीत आहे, ते मी तिला पाठ करायला दिलं होतं. ते तिला सांग म्हणायचं, म्हणजे तिच्या बापाची नोकरी आणि तिचं नर्सिंग तिच्या हातानं घालवायला सांगायचं. ते घालवून मी पाहिलेलं नव्हतं. मी पेन्शन घेते. आणि मी केलं तसं कर म्हणायचं, तर मी काय केलं ते तिनं आत्ताच ऐकलं होतं. ती माझ्याकडं बघत होती. कपाळावर घाम होता तिच्या, हातात सतरंजीचं टोक होतं. मला तिची दया आली, तिच्या त्या पप्पांची त्याहून जास्त आली.

"काय सांगायचं ते मला सांगता येत नाही, प्रिया," मी म्हणाले. "मी शिकवते, पण हे मला येत नाही. तुझ्या तोंडून त्या वेळी जे निघेल ते निघेल."

तिनं सतरंजीचं टोक माझ्या हातात दिलं.

"पण ते लोक निघून गेले ना, की पप्पांपाशी जाऊन बस. काही बोलू नको वाटलं तर बोलू नको. पण त्यांना एकटं सोडून आतल्या खोलीत जाऊ नको."

"तुम्ही गेला होता?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "मी दार लावून घेतलं होतं."